सभासद अभ्यासवर्ग : धोरण बदलते तेव्हा नुकसान कोणाच्या पदरात पडते?



शेतकऱ्याला धोका म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. पाऊस रुसला, हुमणी लागली, ऐन तोडणीत टोळी पळाली, विहिरीचा तळ दिसला, हे सगळे आपण जन्मापासून पाहत आलो. बाजारभावाचा धोकाही आपल्या ओळखीचा आहे. मात्र तिसरा एक धोका आहे, त्याची चर्चा पारावर खूप होते पण हिशेबात तो कोणी धरत नाही. सरकारने एक कागद काढला, आणि काल फायद्याचा दिसणारा धंदा आज अडचणीत आला, असा हा धोका. व्यापारी आणि बँकांचे लोक याला 'राजकीय जोखीम' म्हणतात. या अंकाच्या अभ्यासवर्गासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. राजकीय जोखीम म्हणजे अमुक पक्ष निवडून आला की तमुक पडला, एवढेच नव्हे. आपण एखाद्या कामात पैसा घातला आणि नंतर सरकारने नियम, भाव, कर, परवाना किंवा बंदी यांत बदल केला, अगर करायला हवा असलेला बदल केलाच नाही, तर त्या पैशाच्या परताव्यावर जो परिणाम होतो, ती राजकीय जोखीम. सरकार कोणत्याही रंगाचे असो, ही जोखीम राहतेच. म्हणून या लेखात कोणाची बाजू घ्यायची नाही, आपला हिशेब तेवढा समजून घ्यायचा आहे.

१. नवीन जालन्याच्या पेठेतील उदाहरण

लांब जायला नको. कुंडलिका ओलांडून नवीन जालन्याच्या बाजारात गेले की बियाण्यांची दुकाने दिसतात. जालन्याचे नाव देशभर झाले ते बियाण्यामुळे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे 'महिको' सुरू केली. याच कंपनीने बीटी वांगे तयार केले. कित्येक वर्षांच्या चाचण्या झाल्या आणि ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने त्याला मान्यता दिली. पण देशभर वाद पेटला, ठिकठिकाणी जनसुनावण्या झाल्या, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. पुढे बांगलादेशाने २०१३ साली बीटी वांग्याला परवानगी दिली आणि २०१४ पासून तिथले शेतकरी ते लावू लागले. आपल्या देशात मात्र ते दुकानात आले नाही. वांगे चांगले की वाईट हा वाद इथे नको. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की तांत्रिक मान्यता मिळाली म्हणजे पैसा सुटला असे होत नाही.

दुसरे उदाहरण कापसाचे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणे भाव नियंत्रण आदेश काढला, आणि २०१६ च्या हंगामापासून बीजी-२ च्या पाकिटाला ८०० रुपये हा कमाल भाव ठरला. बियाणे कंपन्यांना तो धोका वाटला. पण आपल्यापैकी ज्यांनी कापूस लावला त्यांना त्या आदेशाचा आधार वाटला. म्हणजे लक्षात घ्या, एकाच कागदाने एकाचे नुकसान होते आणि दुसऱ्याचा फायदा होतो. सरकार बहुतेक वेळा कोणाचा तरी विचार करूनच कागद काढते. प्रश्न असा की त्या विचारात आपण कोणत्या बाजूला उभे आहोत.

२. मोठे गुंतवणूकदार काय करतात?

१९६० साली क्यूबा आणि अमेरिका यांचे बिनसले. अमेरिकेने क्यूबाच्या साखरेचा कोटा कापला आणि क्यूबाने अमेरिकन मालकीचे साखर कारखाने सरकारजमा केले. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा काही महिन्यांत उलटा झाला. आपल्या राज्यात दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आठवा. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य सरकारने करार रद्द केला, मग फेरवाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये दराच्या भांडणात प्रकल्प बंद पडला.

अशा अनुभवांमुळे परदेशी गुंतवणूकदार पैसा घालण्यापूर्वीच राजकीय जोखमीचा विमा उतरवतात. दाभोळमध्येही तसे विमे होते आणि काहींना भरपाई मिळाली. जागतिक बँकेच्या कुटुंबात तर १९८८ पासून याच कामासाठी स्वतंत्र संस्था आहे. शिवाय शेअर बाजारातला भागधारक सकाळी बातमी वाचून दुपारी शेअर विकून मोकळा होतो.

आता आपल्या सभासदाकडे बघा. त्याचा शेअर बाजारात विकला जात नाही. त्याच्याकडे विमा नाही. त्याचे शेत उचलून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. लागण केली की खोडव्यासह दोन-तीन वर्षे तो बांधला गेला. म्हणून मोठ्या गुंतवणूकदारापेक्षा ही जोखीम समजून घेण्याची गरज आपल्याला जास्त आहे.

३. साखर धंद्यात सरकारचा हात कुठे कुठे?

१९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आणि १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश हे आपल्या धंद्याचे दोन खांब. यांच्या आधाराने पुढील गोष्टी सरकार ठरवते.

(अ) उसाचा भाव : पूर्वी वैधानिक किमान भाव होता, २००९-१० च्या हंगामापासून त्या जागी रास्त व किफायतशीर भाव, म्हणजे एफआरपी, आला. ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असा नियम आहे.

(आ) साखरेची विक्री : जून २०१८ पासून साखरेचा किमान विक्री दर ठरू लागला आणि कोणत्या महिन्यात किती साखर विकायची त्याचा कोटाही ठरू लागला.

(इ) निर्यात : परवानगी द्यायची की नाही, दिली तर किती टन.

(ई) इथेनॉल : कशापासून करायचे, किती करायचे आणि काय भावाने विकायचे. मुख्य गिऱ्हाईकही सरकारी तेल कंपन्याच.

म्हणजे कच्च्या मालाचा भाव सरकारचा, पक्क्या मालाचा कोटा सरकारचा आणि उपपदार्थाचे गिऱ्हाईकही सरकारचे. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये दाणा असावा तसा कारखाना मधे.

एक सोपा हिशेब करू. २०१८-१९ साली एफआरपी १० टक्के उताऱ्याला टनाला २,७५० रुपये होती. त्या टनातून निघणारी १०० किलो साखर फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेल्या किमान दराने, किलोला ३१ रुपयांप्रमाणे, ३,१०० रुपयांची झाली. उसाचे पैसे देऊन ३५० रुपये हातात उरले. २०२५-२६ साठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला ३,५५० रुपये ठरली. त्या टनाची १०२.५ किलो साखर ३१ रुपयांनी धरली तर ३,१७७ रुपये ५० पैसे होतात. म्हणजे गाळपाचा खर्च, पगार, व्याज बाजूलाच राहिले, नुसत्या उसाच्या भावालाच ३७२ रुपये ५० पैसे कमी. एप्रिल २०२५ मध्ये ही एफआरपी जाहीर झाली तेव्हाही किमान विक्री दर ३१ वरच होता. बाजारात साखर या दराच्या वर विकली गेली आणि उपपदार्थांचे पैसे आले, म्हणून निभावले. पण बाजार पडलाच, तर खाली जो आधार म्हणून ठेवला आहे तो एफआरपीच्याही खाली आहे. एक दर वाढवत नेला आणि दुसरा जागेवर ठेवला, तर निर्णय न घेणे हासुद्धा एक निर्णयच ठरतो, बरं का.

४. जुना धडा : १९७८

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना लेव्हीची साखर आठवत असेल. १९६७-६८ पासून दुहेरी भावाची पद्धत होती. उत्पादनातला ठरावीक हिस्सा सरकारला रेशनसाठी कमी भावाने द्यायचा आणि उरलेला खुल्या बाजारात विकायचा. १९७७-७८ च्या हंगामात देशात सुमारे ६५ लाख टन साखर झाली, तो त्या काळचा उच्चांक. १६ ऑगस्ट १९७८ रोजी केंद्राने नियंत्रण पूर्ण उठवले. कारखानदारीला हेच हवे होते. पण साठा प्रचंड आणि प्रत्येकाला विकायची घाई. भाव कोसळले, उसाची बिले रखडली, शेतकऱ्यांनी लागण कमी केली. त्यातच १९७९ चा दुष्काळ. १९७९-८० मध्ये उत्पादन ३९ लाख टनांच्याही खाली आले. मग टंचाई झाली, भाव भडकले, आणि १७ डिसेंबर १९७९ पासून ६५ टक्के लेव्हीसह नियंत्रण परत आले.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, नियंत्रण उठणे म्हणजे आपोआप कल्याण नव्हे. दोन, सोळा महिन्यांत धोरण पूर्ण उलटे फिरू शकते, आणि आपले पीक त्याहून जास्त काळ शेतात असते. पुढे लेव्हीचा हिस्सा हळूहळू उतरत २००२ साली १० टक्क्यांवर आला. रंगराजन समितीचा अहवाल ऑक्टोबर २०१२ मध्ये आला आणि एप्रिल २०१३ मध्ये लेव्ही व कोटा दोन्ही गेले. कोटा कायमचा गेला असे ज्यांनी धरले होते, त्यांच्यापुढे तो पाच वर्षांनी पुन्हा उभा राहिला. तेव्हा गेलेले धोरण परत येणार नाही असे कधी धरू नये.

५. नवा धडा : डिसेंबर २०२३

२०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस आणि बी-हेवी मळी यांपासून इथेनॉल करायला वाट मोकळी केली. व्याजात सवलत दिली. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर अलीकडे आणले. रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे आणि बी-हेवीच्या इथेनॉलला ६० रुपये ७३ पैसे असा भाव मिळाला. कारखान्यांनी कर्जे काढून आसवनी प्रकल्प उभे केले.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला, साखर कमी पडेल असा अंदाज निघाला, आणि लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. ७ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे गाळप ऐन भरात असताना, रसापासून व पाकापासून इथेनॉल करण्यास मनाई झाली. आठ दिवसांनी सुधारणा करून १७ लाख टन साखरेइतकाच माल इथेनॉलकडे वळवण्याची मर्यादा घातली. प्रत्यक्षात साखर अंदाजापेक्षा जास्त झाली, एकट्या महाराष्ट्रात सुमारे ११० लाख टन. एप्रिल २०२४ मध्ये साठलेली बी-हेवी मळी वापरण्याची थोडी मुभा मिळाली, आणि पूर्ण बंधन उठले ते १ नोव्हेंबर २०२४ पासून. ग्राहकाला साखर महाग पडू नये हा सरकारचा हेतू होता, तो समजण्यासारखा आहे. पण बँकेचा हप्ता त्या काळात थांबला नाही.

हप्त्याचे गणित समजुतीसाठी मांडतो. समजा, एका कारखान्याने ६० कोटींचे कर्ज पाच वर्षांच्या मुदतीने, १० टक्के व्याजाने घेतले. पहिल्या वर्षी मुद्दल १२ कोटी आणि व्याज ६ कोटी, एकूण १८ कोटी. प्रकल्प रोज ६० हजार लिटरप्रमाणे २०० दिवस चालला तर १ कोटी २० लाख लिटर निघाले. लिटरमागे खर्च वजा जाता १८ रुपये राहिले तर २१ कोटी ६० लाख. हप्ता देऊन वर ३ कोटी ६० लाख उरले. आता आदेश आला आणि प्रकल्प १०० दिवसच चालला. हातात १० कोटी ८० लाख. हप्त्याला कमी पडले ७ कोटी २० लाख. कारखान्याचे गाळप ४ लाख टन असेल तर टनामागे १८० रुपये. वर्षाला ६० टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला १०,८०० रुपये. आदेश निघाला दिल्लीत, आणि त्याचा भार असा उतरत उतरत सभासदाच्या ऊसबिलापर्यंत पोचला.

निर्यातीचेही तसेच. २०२१-२२ मध्ये देशातून सुमारे ११० लाख टन साखर गेली. पुढच्या साली कोटा जवळपास निम्म्यावर आला. २०२३-२४ मध्ये निर्यात बंद. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी मिळाली. बाहेरच्या बाजारावर भरवसा ठेवून कोणी वाढीव गाळप क्षमता उभी केली असेल, तर त्याने काय करावे?

६. सभासदाच्या तीन टोप्या

सहकारात सभासद एकाच वेळी तीन भूमिकांत असतो. तो ऊस पुरवणारा आहे, भाग घेतलेला मालक आहे आणि बिलातून ठेव कापली असेल तर ठेवीदारही आहे. धोका आला की या तिघांना तो सारखा लागत नाही.

ऊस पुरवणारा म्हणून कायदा त्याच्या पाठीशी आहे. तिथेही सावध राहावे लागते. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी रद्द केला. म्हणजे तीन वर्षे गेली, पण संघटित राहून दाद मागता येते हेही दिसले. सप्टेंबर २०२३ मध्ये परराज्यात ऊस नेण्यास बंदी घालणारा आदेश निघाला होता, तो शेतकऱ्यांचा विरोध पाहून काही दिवसांतच मागे घेतला गेला.

ठेवीदार म्हणून त्याचे संरक्षण कमी. मालक म्हणून तर तो सर्वात शेवटी. कारखाना अडचणीत आला तर तारण असलेल्या बँकेला आधी मिळते, भागधारकाला उरले तर. म्हणून "फायदा झाला तर वाटून घेऊ" असे म्हणताना "तोटा झाला तर कोणाच्या टोपीतून जाईल" हे आधी विचारावे.

७. दुसरी बाजूही पाहावी

सरकार म्हणजे नुसता धोकाच, असे मानणे बरोबर नाही. एफआरपी नसती तर उसाचा भाव कुठे गेला असता याचा विचार करा. राज्याचे भाग भांडवल आणि थकहमी नसती तर मराठवाड्यात कारखानदारी उभी राहणे अवघड होते. जादा ऊसदर हा नफा धरून सहकारी कारखान्यांवर लावलेल्या आयकराचे ओझे किती तरी वर्षे डोक्यावर होते. २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीची अशी देणी खर्च म्हणून धरण्याची मुभा मिळाली आणि सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळाला. जो हात देतो तोच काढूनही घेऊ शकतो. अडचण आहे ती देणे आणि घेणे यांची तारीख आपल्याला आधी कळत नाही ही.

पाण्याच्या बाबतीत हे आपल्याला चांगलेच ठाऊक आहे. अंबड, घनसावंगीचा ऊस जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. धरण पैठणला, पण पाणी येते नाशिक आणि अहिल्यानगरकडून. वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे याचा नियम २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने घालून दिला. तरी २०२३ साली ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला आणि पाणी सुटायला नोव्हेंबर संपत आला. आदेश आणि पाणी यांच्यामध्ये जे दिवस जातात, तेवढ्यात शेतातल्या उसाची एक पाळी चुकते.

८. मग करायचे काय?

धोरण आपल्या हातात नाही. पण त्याचा धक्का किती बसावा हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

१) कर्जाची परीक्षा वाईट वर्षावर घ्यावी. प्रकल्प अहवालात सरकारी भाव आणि पूर्ण दिवस धरलेले असतात. निम्मे दिवस चालला तर हप्ता कुठून देणार, हे पान त्यात आहे का ते पाहावे.

२) एकाच गिऱ्हाइकावर सगळे विसंबू नये. साखर, इथेनॉल, सहवीज या तिघांचे प्रमाण बदलता येईल अशी यंत्रणा असावी. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांना मका व खराब धान्य यांवरही आसवनी चालवता यावी म्हणून व्याज सवलतीची योजना आणली. भोकरदन-जाफराबादकडे मका भरपूर, म्हणून ती विचार करण्याजोगी आहे. पण तिथेही भाव सरकारच ठरवणार, हे विसरू नये.

३) चांगल्या वर्षी राखीव निधी बाजूला काढावा. शेवटच्या हप्त्यात टनाला पन्नास रुपये जास्त मिळाले की टाळ्या पडतात. पण पाण्यापूर्वी वळण बांधलेले बरे. १९७८ काय आणि २०२३ काय, ज्याच्याकडे शिल्लक असेल त्याला पडत्या भावात साखर विकावी लागत नाही.

४) आपल्या शेतातही हाच नियम. सगळे क्षेत्र उसाखाली घालू नये, आणि आहे त्या उसाला ठिबक करावे. कालव्याची एक पाळी उशिरा आली तरी पीक उभे राहील इतकी सोय असावी.

५) सभेत बोलावे. जिल्हा उपनिबंधक, साखर आयुक्तालय, राज्य व राष्ट्रीय साखर संघ यांच्याकडे निवेदने जातात ती ठरावांच्या बळावर. ठराव कोरम भरण्यापुरते झाले तर त्यांना वजन राहत नाही.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या कारखान्याच्या ताळेबंदात मुदत कर्ज किती आणि राखीव निधी किती? दोन्ही आकडे अहवालातून काढून टनामागे किती पडतात ते मांडा.

२) गेल्या तीन वर्षांत एकूण उत्पन्नात साखर, इथेनॉल आणि वीज यांचा वाटा कसा बदलला?

३) एक वर्ष इथेनॉल बंद राहिले तर हप्त्याची सोय काय, याचे उत्तर संचालक मंडळाकडून लेखी मागा.

४) तुमच्या स्वतःच्या उत्पन्नातला किती भाग एका सरकारी आदेशावर अवलंबून आहे?

पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल हातात पडेल तेव्हा त्यातील कर्जाचे पान आधी उघडावे, ही सर्व सभासदांना विनंती. विस्ताराचा किंवा ठेव कपातीचा कोणताही ठराव आला तर वरचे प्रश्न विचारून मगच हात वर करावा. ठराव एकदा मंजूर झाला की तो सर्वांचा होतो आणि त्याचा हप्ताही सर्वांचाच असतो.